फर्गाना शहर आणि एका पिकाची शेती

परदेशच्या शेतीची हकीकत या मासिकांत देण्याचा आमचा हेतु वाचकांचें केवळ मनोरंजन करावें असा कधींच नसतो. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन त्याचें पीक पाहावें आणि घरीं परततांना आपल्या शेतासाठीं कांहीं धडा घेऊन यावें, हा शेतकऱ्याचा नित्याचा परिपाठ आहे. तोच आम्ही येथें चालवितों. आज आम्ही वाचकांस मध्य आशियांतील फर्गाना या शहरीं नेणार आहों. उझबेकिस्तान देशाच्या एका प्रांताचें हें मुख्य ठाणें. वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे फार मोठें शहर नव्हे. परंतु पाणी, कापूस आणि सरकारी हुकूम या तीन गोष्टींनीं एखाद्या मुलुखाचें काय होतें हें पाहावयाचें असेल, तर याहून चांगलें ठिकाण आमच्या माहितींत नाहीं.

प्रथम मुलूख समजून घेऊं. फर्गानाचें खोरें म्हणजे डोंगरांनीं वेढलेली एक लांबट परात आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारें १८५ मैल, जास्तींत जास्त रुंदी सुमारें शंभर मैल. उत्तरेस तिएन-शान पर्वताच्या रांगा, दक्षिणेस अलाय पर्वत; पश्चिमेस खुजंद शहराजवळ एक अरुंद दरवाजा तेवढा मोकळा. नरिन आणि कारा दर्या या दोन नद्या डोंगरांतून खोऱ्यांत उतरतात व त्यांच्या संगमापासून सिर दर्या ही मोठी नदी सुरू होते. फर्गाना शहर खोऱ्याच्या दक्षिण कडेस, अलायच्या पायथ्याशीं, समुद्रसपाटीपासून सुमारें १९०० फूट उंचीवर वसलें आहे. तेथें पाऊस वर्षाकांठीं सरासरी सात-आठ इंच. तोही बहुतेक हिंवाळ्यांत आणि वसंत ऋतूंत. आमच्या माणदेशचा शेतकरीसुद्धां हा आंकडा ऐकून कपाळास हात लावील. ऐन उन्हाळ्यांत पिकाला पाणी हवें असतें तेव्हां आकाशांतून थेंब पडत नाहीं. मात्र त्याच सुमारास डोंगरावरचें बर्फ वितळून नद्या भरून वाहूं लागतात. तेथील सारी शेती या एका योगावर उभी आहे. पाट नाहीं तर पीक नाहीं, असा तेथला रोकडा हिशेब आहे.

आपण आपल्या जनावरांना जो लसूणघास घालतों, त्याच्या इतिहासांत या खोऱ्यास मानाचें स्थान आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत झांग छ्यान नांवाचा चिनी वकील या बाजूस आला आणि येथील उमद्या घोड्यांची वार्ता त्यानें आपल्या बादशहाच्या कानीं घातली. ते घोडे मिळविण्यासाठीं वू या बादशहानें इ. स. पूर्वीं १०४ ते १०१ या काळांत दोन मोहिमा धाडल्या. पहिली फसली, दुसरी साधली. ते घोडे लसूणघासावर पोसलेले होते. सबब चिनी वकिलांनीं घोड्यांच्या मागोमाग लसूणघासाचें व द्राक्षांचें बीं आपल्या देशीं नेलें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पाण्याची जुनी व्यवस्था तर आमच्या शेतकऱ्यांस आपल्याच घरची वाटेल. नदीच्या पाण्यावर पाट काढावयाचे, पाटांना पोटपाट फोडावयाचे, आणि पाणी वांटण्यासाठीं एक माणूस नेमावयाचा. या माणसास 'मिराब', म्हणजे पाण्याचा मीर, असें म्हणत. मिराब गांवकऱ्यांनीं निवडलेला असे व सुगीच्या वेळीं त्याला त्याचा वांटा धान्यांत मिळे. वर्षांतून एकदां पाटांतील गाळ काढण्यासाठीं सगळा गांव कुदळ-फावडें घेऊन जमे. या कामास ते 'हशर' म्हणतात. खानदेशांत पांझरेच्या कांठीं ज्यांनीं फड पद्धत पाहिली आहे, किंवा ज्यांच्या गांवीं अजून इर्जीक घातली जाते, त्यांस याहून अधिक सांगणें नको. सरकार नव्हतें असें नाहीं. कोकंदच्या खानांनीं एकोणिसाव्या शतकांत मोठमोठे कालवे काढविले, व त्यांसाठीं वेठही घेतली. पण पाणी शेताच्या तोंडाशीं आल्यावर तें कोणत्या पिकास द्यावें, हें ज्याचें शेत तोच ठरवी. कोणी गहूं करी, कोणी ज्वारी, कोणी भात, कोणी खरबुजें. बांधावर तुतीचीं झाडें आणि घरांत रेशमाचे किडे. कापूसही होता, पण अनेकांतील एक.

बाबराचा जन्म याच खोऱ्यांतील अंदिजान शहरीं १४८३ सालीं झाला, आणि त्याचा बाप फर्गानाचा राजा होता. बाबरानें आपल्या आत्मचरित्राच्या आरंभींच या मुलुखाचें वर्णन केलें आहे. त्यांत अंदिजानचीं खरबुजें व द्राक्षें, मर्गिलानचीं डाळिंबें आणि जर्दाळू यांची तो मनापासून वाखाणणी करितो. हिंदुस्थान जिंकल्यावरही येथें चांगलें खरबूज मिळत नाहीं ही त्याची तक्रार प्रसिद्धच आहे. आम्हांस त्यांतून एवढेंच सांगावयाचें कीं, पांचशें वर्षांपूर्वीं या खोऱ्याचा लौकिक फळांसाठीं होता, कापसासाठीं नव्हे.

आतां खुद्द शहराकडे येऊं. १८७६ सालीं रशियानें कोकंदचें खानत खालसा केलें. स्कोबेलेव्ह हा सेनापति प्रांताचा पहिला लष्करी गव्हर्नर झाला, आणि मर्गिलान या रेशमाच्या जुन्या पेठेपासून सात-आठ मैलांवर रशियनांनीं आपलें नवें ठाणें वसविलें. त्याचें नांव नवें मर्गिलान. मध्यें किल्ला, आणि त्यापासून पंख्याच्या काड्यांप्रमाणें निघणारे सरळ रस्ते. रस्त्यांच्या कडेनें वाहते पाट आणि झाडांच्या रांगा, अशी त्याची आंखणी. १९०७ सालीं या गांवास स्कोबेलेव्हचें नांव दिलें गेलें. क्रांतीनंतर, १९२४ सालीं, तें बदलून फर्गाना असें ठेविलें. पन्नास वर्षांत तीन नांवें! आणि तिन्ही वेळां नांव ठेवणारा बाहेरचा. खोऱ्यांतील शेतकऱ्याच्या पिकाचेंही पुढें असेंच झालें.

अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१ ते १८६५) तेथला कापूस बाजारांत येईनासा झाला, हें आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या वाचकांस सांगावयास नको. त्या तेजींत आमच्याकडे कापसाचा पैसा झाला, आणि मंदी येतांच कर्जाचा डोंगर. १८७५ सालचे पुणें व नगर जिल्ह्यांतील सावकारांविरुद्धचे दंगे हें त्याचेंच फळ. त्याच युद्धानें मास्कोच्या गिरणीवाल्यांचेही डोळे मध्य आशियाकडे वळविले. खोऱ्यांतला गांवठी 'गुझा' कापूस आंखूड धाग्याचा. त्याचें बोंड नीट उमलत नसे; बोंडेंच तोडून आणावयाचीं आणि घरीं बसून कापूस काढावयाचा. १८८० नंतर अमेरिकन बियाणें आलें व झपाट्यानें पसरलें. परदेशी कापसावर रशियानें जकात बसविली, त्यामुळें भाव टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी खोऱ्यांत पोंचली. ती कापूस घेऊन जाई आणि धान्य घेऊन येई. पेरणीपूर्वीं दलालानें उचल द्यावयाची व वेंचणीला माल त्यालाच घालावयाचा, ही रीतही आली. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं हा अनुभव घेतलेला आहे.

येथपर्यंत शेतकऱ्यानें कापूस पेरला तो पैशाच्या आशेनें. त्यांत कोणाची जबरदस्ती नव्हती. तरी धोका होताच, आणि तो १९१७ मध्यें पुढें आला. त्या वर्षीं अवर्षण पडलें. मागोमाग क्रांति आणि यादवी होऊन रशियाकडून येणाऱ्या आगगाड्या थांबल्या. गोदामांत कापूस होता. घरांत दाणा नव्हता. कापूस कांहीं खातां येत नाहीं. त्या दुष्काळांत माणसें उपासमारीनें गेलीं. बाजारावर भिस्त ठेवून ज्यानें घरची ज्वारी मोडली, त्याच्यावर रस्ता बंद पडण्याचा प्रसंग एकदां तरी येतो, हा या गोष्टीचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. १९२९-३० पासून सोव्हिएत सरकारनें शेतें एकत्र करून सामुदायिक शेती लादली, आणि साऱ्या रशियाच्या गिरण्यांस पुरेल इतका कापूस मध्य आशियानें पिकवावा असें ठरविलें. त्यासाठीं पाणी हवें होतें. म्हणून १९३९ सालीं महा-फर्गाना कालवा खोदण्यांत आला. सुमारें १७० मैल लांबीचा हा कालवा एक लाख साठ हजार शेतकऱ्यांनीं, बव्हंशीं हातांतल्या कुदळींनीं, पंचेचाळीस दिवसांत काढला. हें काम कोणीही पाहिलें तरी थक्क व्हावें असें आहे, आणि त्या लोकांच्या मेहनतीस आम्ही उणें बोलणार नाहीं. त्यांतील मनुष्यबळ जुन्या हशरचेंच होतें, परंतु हशर ज्याच्या शेतासाठीं होई त्याच्या इच्छेनें होई. हा कालवा सरकारच्या आंकड्यासाठीं होता. पाणी आलें आणि त्याच्या पाठोपाठ हुकूम आला, कीं या पाण्याखालीं कापूसच पाहिजे.

मग जमिनीचें काय झालें पाहा. कापसाच्या मागें दोन-तीन वर्षें लसूणघास घेऊन जमिनीस विसांवा द्यावा, तिच्या मुळांनीं नत्र सांठवावें, जनावरांस चारा मिळावा, ही तेथील शहाणपणाची पद्धत होती, व कांहीं काळ सरकारी शेतीनेंही ती पाळली. परंतु कापसाचा आंकडा दरसाल वाढवावयाचा म्हटल्यावर लसूणघासाखालची जमीन अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपूं लागली. चारा मोडला, गाई कमी झाल्या, शेणखत आटलें, आणि एकाच जमिनींत वर्षानुवर्षें कापूस पडत राहिला. परिणामीं मर रोग फैलावला. रोगावर आणि किडीवर औषधें, सुपीकपणासाठीं रासायनिक खतें, आणि यंत्रानें वेंचणी सोपी व्हावी म्हणून झाडाचीं पानें गाळणारें विष. हें विष इतकें घातक होतें कीं १९८० नंतरच्या दशकांत तें बंद करणें भाग पडलें. ज्या मुलुखानें चीनला लसूणघासाचें बीं दिलें, त्याच मुलुखांत लसूणघासाला जागा उरली नाहीं! कोणत्याही शेतकऱ्यास विचारलें असतें तर त्यानें हें होऊं दिलें नसतें. पण विचारलें कोणी?

फर्गाना शहर याच काळांत वाढलें. शेजारीं चिमियान येथें १९०४ सालींच तेल लागलें होतें. शहरांत तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना, नत्र-खताचा कारखाना आणि कापडाचा कारखाना उभे राहिले. शहरास रोजगार मिळाला, शाळा-दवाखाने आले, हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. परंतु गंमत अशी कीं, देशांत पिकलेल्या कापसापैकीं फार थोडा भाग देशांत कांतला जाई. बाकी रुई रशियाच्या गिरण्यांकडे रवाना होई. शेतकऱ्याकडे राहिलें तें उन्हांतलें काम, आणि शहराकडे राहिला तो खताच्या कारखान्याचा धूर.

पाण्याचा हिशेब शेवटीं समुद्रानें चुकता केला. सिर दर्या आणि तिची जोडीदार आमू दर्या या दोन्ही नद्या अरल समुद्रास मिळत. १९६० सालीं हा जगांतील चौथ्या क्रमांकाचा मोठा तलाव होता. दोन्ही नद्यांचें पाणी कापसाच्या शेतांत वळविल्यामुळें तो आटत आटत मूळ क्षेत्राच्या सुमारें दहाव्या हिश्श्यावर आला. मासेमारी बुडाली आणि उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ आसपासच्या शेतांवर उडूं लागली. उत्तरेकडील एक लहान भाग २००५ सालीं बांध घालून कझाकस्तानानें वांचविला, तेवढाच. या दोषाचा सारा वांटा एकट्या फर्गानाचा नव्हे. पण त्यांत त्याचा वांटा आहे. शिवाय खोऱ्याच्या सखल भागांत पाण्याची पातळी वर येऊन जमिनी खारावल्या, आणि निचऱ्याचे चर खणण्याचा खर्च वाढत गेला. आमच्या नीरा कालव्याखालीं विसाव्या शतकाच्या आरंभींच जमिनी चोपण होऊं लागल्या होत्या, व आज उसाच्या पट्ट्यांतही तीच रड आहे. तेव्हां या बाबतींत फर्गानाच्या शेतकऱ्याला हंसण्याचा अधिकार आम्हांपैकीं कोणासही नाहीं.

हुकुमाची शेती खोटें बोलावयास शिकविते. उझबेकिस्तानानें वर्षाला साठ लाख टन कापूस द्यावा, अशी मजल गांठण्याचा आग्रह झाला. जमीन तेवढी देईना. मग कागदानें दिला. गांवच्या वहीपासून राजधानीच्या दप्तरापर्यंत, न पिकलेला कापूस पिकला म्हणून लिहिला गेला व त्याचे पैसेही उचलले गेले. १९८० नंतरच्या दशकांत हें प्रकरण बाहेर पडलें आणि लहानमोठे पुष्कळ अधिकारी तुरुंगांत गेले. त्याच दशकाच्या शेवटीं, जून १९८९ मध्यें, फर्गाना शहरांत व आसपास मेस्खेती तुर्क लोकांवर हल्ले होऊन सुमारें शंभर माणसें मारलीं गेलीं व हजारोंना मुलूख सोडावा लागला. त्याचीं कारणें अनेक सांगतात. दाट वस्ती, बेकारी आणि दारिद्र्य हीं त्यांत होतीं, यांत शंका नाहीं.

१९९१ सालीं देश स्वतंत्र झाला. तेव्हां तरी शेतकरी मोकळा व्हावयास हवा होता. एक गोष्ट चांगली झाली: कापसाखालील कांहीं जमीन गव्हाला दिली गेली, आणि घरामागच्या लहान तुकड्यांत लोकांनीं भाजी, फळें व दुभतें यांची अशी जोपासना केली कीं देशाच्या अन्नाचा मोठा भाग त्या तुकड्यांतूनच येतो. परंतु मोठी शेतें मात्र हुकुमाखालींच राहिलीं. जमीन सरकारची, शेतकऱ्याकडे केवळ मुदतीचा पट्टा. अमुक एकर कापूस, अमुक एकर गहूं, भाव सरकारचा. ठरलेला माल न घातल्यास पट्टा जाण्याची भीति. वेंचणीच्या दिवसांत शाळा रिकाम्या करून मुलांस, आणि पुढें शिक्षक, परिचारिका व कारकून यांस शेतांत धाडण्यांत येई. म्हणून जगांतील अनेक कापड व्यापाऱ्यांनीं या कापसावर बहिष्कार घातला. २०१७ नंतर राज्यकारभाराचें धोरण पालटलें. २०२० च्या मार्चमध्यें कापसाची सरकारी सक्ती कायद्यानें उठली. २०२१ च्या हंगामांत पद्धतशीर वेठ व बालमजुरी उरली नाहीं, असें आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें सांगितलें, आणि २०२२ च्या मार्चमध्यें बहिष्कारही मागें घेण्यांत आला. जगाच्या कानकोपऱ्यांतून आलेल्या दबावाचें हें खरोखर मोठें यश होय.

मात्र येथेंच थांबून टाळ्या वाजविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. सरकारच्या जागीं आतां खासगी 'क्लस्टर' आले आहेत. एकेका भागांतील कापूस एकेका कंपनीच्या हातीं. बियाणें, खत, उचल तिची, आणि माल घ्यावयाचा तोही तिनें. कच्ची रुई बाहेर धाडण्याऐवजीं देशांतच सूत व कापड होऊं लागलें, हा फायदा मोठा आहे व तो आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. परंतु घेणारा एकच असला म्हणजे विकणाऱ्याचें स्वातंत्र्य कागदावर राहतें. पैसे महिनोन् महिने थकतात, पट्टे 'स्वखुषीनें' सोडावयास लावतात, अशा तक्रारी तेथील मानवी हक्कांच्या संस्थांनीं नोंदविल्या आहेत. दलालाच्या उचलीपासून निघालेली वाट फिरून त्याच उंबरठ्याशीं येते कीं काय, ही भीति आम्हांस वाटते.

पाण्याचाही तंटा पुरता मिटलेला नाहीं. खोरें तीन देशांत वांटलें गेलें आहे. नरिन नदीवरील तोक्तोगुलचें मोठें धरण किर्गिझस्तानांत. त्यांना हिंवाळ्यांत विजेसाठीं पाणी सोडावयाचें असतें, आणि खालच्या शेतकऱ्याला तें उन्हाळ्यांत पिकासाठीं हवें असतें. २०२५ च्या मार्चअखेरीस तिन्ही देशांच्या अध्यक्षांनीं खुजंद येथें सीमांच्या संगमाविषयींच्या करारावर सह्या केल्या, हें सुचिन्ह आहे. वरचा आणि खालचा यांनीं एका वहीवर सही केल्याशिवाय नदी कोणाचीच होत नाहीं.

कोणी म्हणेल, हुकूम नसता तर कालवा झाला असता काय? वाळवंटांत मळे फुलले असते काय? प्रश्न रास्त आहे. मोठीं कामें सरकारनेंच करावीं. आमचेंही मागणें तेंच असतें. परंतु कालवा काढणें निराळें आणि त्याखालीं काय पेरावें याची सक्ती करणें निराळें. पाणी देणाऱ्यानें पाणी मोजून द्यावें, निचऱ्याची सोय करावी, पाणीपट्टी घ्यावी; पिकाची निवड ज्याला त्या जमिनीवर जगावयाचें आहे त्याच्याकडे असावी. तो चुकेल, पण एकाच्या चुकीनें एक शेत बुडतें. वरच्या हुकुमाच्या चुकीनें एक समुद्र आटला.

तथापि हें बोट दुसऱ्याकडे दाखवितांना उरलेलीं बोटें आपणांकडे आहेत, हें विसरून चालणार नाहीं. आमच्यावर हुकूम कोणाचाच नाहीं. तरी बाजारभावाच्या मागें लागून आम्ही आपखुषीनें शिवारच्या शिवार एका पिकाखालीं घालतों, चाऱ्याचा वाफा मोडतों, घरची ज्वारी विकत आणतों, आणि पाटाचें पाणी फुकटचें समजून जमिनींत मुरवितों. फर्गानाच्या शेतकऱ्याला जें बंदुकीच्या धाकानें करावें लागलें तें आम्ही हौसेनें करावें, यांत शहाणपण तें कोणतें?

सबब आमच्या सभासदांस आमची सूचना साधी आहे. येत्या हंगामाची आंखणी करितांना नगदी पिकाचा हिशेब पहिल्या ओळींत मांडूं नका. पहिल्या ओळींत घरचें धान्य, दुसऱ्या ओळींत जनावरांचा चारा, तिसऱ्या ओळींत जमिनीचा विसांवा. आणि मग राहील तें बाजारासाठीं. खरेदीदार एकच असेल तर एकट्यानें त्याच्या दारीं जाऊं नये, संघानें जावें. आणि ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे त्यांनीं निदान दोन-चार गुंठे लसूणघास अवश्य करावा.